मासे मुके झाले नाहीत

प्रिय अब्बा,

परत तेच! मी फोनवर विचारतो, होडी का विकताय. तुम्ही सांगता, व्हय, जेवलो, बांगड्याचं कालवण होतं. अम्मी मागून हसते आणि इथे शारजाला मी कपाळ बडवतो. म्हणून कागद काढला. अक्षर वाईट आहे. सातवीत शाळा सोडली तेव्हा तुम्ही कान पिळला होतात, आता त्याची फळं वाचा.

इथे गोदामात जुने कॉम्प्युटर येतात. आम्ही ते खोलतो, तांबं वेगळं, प्लास्टिक वेगळं. त्यात आवाजाची एक पट्टी असते, तिच्यावर नखाएवढी काळी चकती, चिप म्हणतात तिला. आमचा मुकादम विपुल शिकलेला आहे. तो म्हणाला, ही आवाज मोजते, एका सेकंदात चव्वेचाळीस हजार वेळा! अब्बा, तुमची पापणी लवते तेवढ्यात हिची हजारो मापं घेऊन होतात, वर गुणाकार करत बसते. मला अजून तेराचा पाढा येत नाही. तळहातावर घेऊन मी इतका वेळ बघत राहिलो की विपुलने पगार कापायची धमकी दिली.

तेव्हापासून डोक्यात हेच. भंगारात टाकण्यापेक्षा हिला कामाला लावावं. एक अम्मीच्या गळ्यात बांधायची, शिव्या गाळून नुसता निरोप पुढे पाठवेल. दिवसाला दोन शब्द येतील. एक नारळ वाजवून सांगेल, आत पाणी किती. एक खुराड्यात, अंडं घातल्याची ओरड कुठली आणि मुंगूस आल्याची कुठली ते ओळखायला. आणि एक तुमच्या उशाला. ही थट्टा नाही हां. घोरण्याची लाट मोजायची, बरोब्बर तिच्या उलटी लाट सोडायची, दोन्ही एकमेकींत विरतात. आवाजावर आवाज टाकला की शांतता! विपुलने असली चकती असलेला हेडफोन माझ्या कानाला लावून दाखवला. समोर गोदामाचा पंखा फिरत होता आणि त्याची घरघर गायब. माझ्या तोंडून सुभानल्लाह निघालं.

मग वल्हं आठवलं. खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद करून तुम्ही वल्हं पाण्यात उभं धरायचात, माशांचा आवाज ऐकायला दांड्याला कान लावायचात आणि म्हणायचात, ढोमी बोलतेय, डावीकडे, टाक जाळं. ना पट्टी, ना वीज. लाकूड आणि कान! एवढ्या दर्यातून एक मासा वेगळा काढणारी चकती अल्लाने तुमच्या डोक्यात बसवली होती.

गेल्या सुट्टीत तुम्ही असाच कान लावलात आणि म्हणालात, मासे मुके झाले, ट्रॉलरवाल्यांनी दर्या संपवला. वल्हं माझ्या हातात दिलंत. मी कान लावला. अब्बा, मला ऐकू आलं. पावसाळी डबक्यातल्या बेडकांसारखं, टर्र टर्र, खाली नुसता मासाच मासा. मी तुमच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणालो, व्हय, मुके झालेत. जाळं न टाकता आपण घरी आलो.

खोटं बोललो. माफ करा. शेजारच्या साहिलला होडी देऊ नका, मासे आहेत तिथेच आहेत. कानाच्या मशीनला तुम्ही म्हातारपणाची चिठ्ठी म्हणता. त्यात हीच चकती असते, आणखी बारीक. धाकट्या अनमला घेऊन अलिबागला जा, कान दाखवा, मशीन घ्या. मग वल्ह्याला कान लावून मला फोन करा, आणि मी जे विचारीन त्याचंच उत्तर द्या. बत्तीस हजार रुपये पाठवतोय.

तुमचाच,
हुझैफा