सुधारलेल्या सरदाराची कादंबरी

सेनगाव, ९ मार्च १९७४

जावई रामकिशनराव यांस,
नमस्कार केवळ रीतीपुरता.

आपण पद्मेस पाठविलेली भाषांतरित कादंबरी पोहोचली. दीडशे वर्षांपूर्वीचा बाहेरख्याली इंग्रज सरदार बायकोच्या प्रेमाने सुधारतो. तेव्हा आपणही सुधारलात असे मानून पद्मेस नांदावयास धाडावे, हा आपला हेतू उघड आहे. मला तो सरदार नालायक वाटला.

दुपारी तूर पाखडताना पद्मेने ती बायकांना वाचून दाखविली. शेजारच्या सखुबाई म्हणाल्या, "सुधरला ना शेवटी? मंग नांदावं की तिनं."

मी ओसरीवरून म्हणालो, "असल्याला मी दारात उभं करणार न्हाई. आजच नकार लिहितो."

माझी पत्नी सुपातून मान वर न करता म्हणाली, "तुमीबी बाहेरच्या नादातून सुधरूनच आलता. तवा माझ्या आबानं मला न इचारता धाडलं. तुमी तरी पोरीला कुठं इचारलं?"

चाळीस वर्षांत ती हे प्रथमच बोलली. मी पद्मेस विचारले.

"मी जात न्हाई, बाबा. पण ते मीच लिहिते."

तिचे कार्ड आज टपालात पडले. माझे पत्र पाठविण्याचे कारण उरले नाही. तरी आपण नालायक आहात, हे माझ्या अक्षरात असावे म्हणून पुरे केले.

आपला सासरा म्हणविण्यास नाखूष,
उकंडराव