खोलीचे तापमान २६.४ अंश

९ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.१०

वस्तुस्थिती, क्रमाने.

एक. माझी पत्नी वैजयंती गेल्या ११ मार्च रोजी वारली.

दोन. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती दर वर्षी वाण म्हणून मिरचीची रोपे लुटत असे. बिल्डिंगमधल्या इतर बायका प्लास्टिकच्या गाळण्या देत. गेल्या जानेवारीत अंथरुणाला खिळलेली असतानाही तिने रोपे दिली. ती कशी वाढवली, याची नोंद मी ठेवली नाही.

तीन. आमची कन्या जाई ऐरोलीला राहते. यंदा रथसप्तमीला, ४ फेब्रुवारीस, तिला आईचेच वाण लुटायचे आहे. बायका एकवीस. रोपे मी द्यायची.

चार. बिया बेचाळीस. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत. वर वैजयंतीच्या अक्षरात ‘आपली मिरची’. याखेरीज हे बी कोठेही नाही.

पाच. मिरची २८ अंशांना उत्तम उगवते. नेरूळच्या या घरात आज पहाटे २२.८.

सहा. रोपांखाली घालावयाची विजेची चटई बाजारात मिळते. घेणार नाही. ज्याने चौतीस वर्षे इतरांच्या तापमापकांना प्रमाणपत्रे दिली, त्याने ऊब विकत आणणे शोभत नाही. निवृत्तीच्या दिवशी प्रयोगशाळेने भेट दिलेला डिजिटल तापमापक माझ्यापाशी आहे. तेवढा पुरे.

अपेक्षित यश पंच्याण्णव टक्के. म्हणजे चाळीस रोपे. जाईला आणखी बायका बोलावता येतील.

१० डिसेंबर

टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स बंद असतानाही तापतो. पृष्ठभाग ३३.६. वर दुहेरी घडीचा टॉवेल, त्यावर वीस बियांचा ट्रे. मातीचे तापमान बरोबर २८.०. इतके सोपे आणि इतके अचूक! वैजयंतीला हे दाखवायला हवे होते.

कामाला येणाऱ्या गिरजाबाई सारसोळ्याच्या. वैजयंतीकडे त्या अकरा वर्षे होत्या. ट्रेकडे पाहून म्हणाल्या, “सायेब, बी हाय ते. पापड नाय सुकवाचा.”

१७ डिसेंबर

अंकुर नाही. माती थोडी उकरून सहा बिया तपासल्या. पुन्हा पुरल्या.

१९ डिसेंबर

पुन्हा तपासल्या. निरीक्षणाविना प्रयोग नसतो.

२२ डिसेंबर, रविवार

जाई आली होती. सोफ्यावर शाल पांघरून बसली. म्हणाली, “बाबा, काय गारठा आहे हो तुमच्या घरात!” मी तापमापक दाखवला. २४.६. या तापमानाला थंडी वाजण्याचे कारण नाही, हे समजावून सांगितले. तिने मोबाइल पुढे केला. त्यात नेरूळचे वीस अंश दाखवीत होते. वर्षातून एकदा फेरतपासणी न झालेले उपकरण म्हणजे अफवा, हे वाक्य मी प्रशिक्षणार्थींच्या पंचवीस तुकड्यांना शिकवले आहे. तिलाही ऐकवले.

त्यावर ती एवढेच म्हणाली, “आईलाही तुम्ही हेच दाखवायचात.”

चहा अर्धा ठेवून गेली. तर्काला उत्तर नसले की माणसे विषय बदलतात.

२६ डिसेंबर

पहिली तुकडी संपली. वीसपैकी शून्य. बिया काळ्या पडून मऊ झाल्या आहेत. दोष बियांचा. वैजयंतीने त्या नीट सुकवल्या नसाव्यात. ती कोणतीच गोष्ट मोजून करीत नसे.

२८ डिसेंबर

नवी योजना: बंद कपाट, आत चाळीस वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब. चार दुकाने फिरलो. पाचव्या दुकानदाराने माळ्यावरून काढून दिला आणि विचारले, “काका, अंडी उबवताय का?” लोकांना चेष्टेपलीकडे काही सुचत नाही.

रिकामे कपाट घरात नाही. वैजयंतीचे उघडले. मार्चनंतर प्रथमच. साड्या वरच्या दोन कप्प्यांत हलवल्या. हे काम दहा मिनिटांचे होते. दोन तास लागले. कारण नोंदण्याजोगे नाही.

सतरा बिया. तापमान २८.२.

८ जानेवारी

नऊ अंकुर! जाईला फोन केला. म्हणाली, “वा, बाबा! पण एकवीस बायका आहेत.” नऊ हा आरंभ आहे, असे सांगितले.

१२ जानेवारी

रोपे उंच, फिकट, सगळी बल्बकडे झुकलेली. त्यांच्यात महत्त्वाकांक्षा आहे. गिरजाबाईंचे मत: “उजेड नाय, वारा नाय. कपाटात कोन जगंल?” दार उघडल्यास १.३ अंश जातात, हे त्यांना कोण सांगणार.

१५ जानेवारी

नऊच्या नऊ रोपांनी मातीलगत माना टाकल्या. वरच्या कप्प्यातील जांभळ्या इरकलीला बल्बच्या उष्णतेने पिवळा डाग पडला आहे. ती साडी वैजयंती जाईच्या बारशाला नेसली होती. डाग बशीएवढा. घडी उलटी केली. आता दिसत नाही.

१७ जानेवारी

बिया उरल्या पाच.

वैजयंती हे कसे करीत असे, असे गिरजाबाईंना विचारले. चौकशी केवळ नोंदीसाठी. त्या भांडी घासता घासता बोलत होत्या. मटकीला मोड आणतात तशा ओल्या फडक्यात बिया बांधून ती पुरचुंडी पोटाशी ठेवायची, वरून गोधडी. मोड आले की कागदी कपात लावून खिडकीच्या ग्रिलमध्ये, उन्हात. मी म्हणालो, आजारपणाच्या त्या डिसेंबरात तिच्या अंगावर गोधडी नव्हती. खोली २६.४ अंश होती. गोधडी मी स्वतः काढून ठेवली होती, कारण हवा खेळती राहणे आवश्यक होते. पंखा एकवर होता.

गिरजाबाईंनी नळ बंद केला. “तुमी फिराला गेलाव की मी घालायची. तुमी यायच्या आधी काढायची. ताईंनीच सांगितलेलं. म्हनायच्या, त्यांचा आकडा चुकला तर जीवाला लावून घेतील.”

मी म्हणालो, आकडा चुकलेला नव्हता.

“तसंच आसंल,” त्या म्हणाल्या आणि नळ सोडला.

१८ जानेवारी

शरीराच्या उबेवर बी उगवणे ही पद्धत अशास्त्रीय आहे. तापमान नियंत्रित नाही. अवलंब करणार नाही.

२० जानेवारी

केवळ तुलनेसाठी अवलंब केला आहे. पाच बिया, धुतलेले फडके, पोटाशी. वर तिची गोधडी. दुपारी जेवणानंतर पडून राहतो. गोधडीत ऊब चांगली धरते. हे निरीक्षण आहे, मत नाही.

२७ जानेवारी

पाचांपैकी तीन बियांना मोड. हा निकाल अधिकृत आकडेवारीत धरलेला नाही.

गोधडीखाली किती तापमान होते याची नोंद हवी, म्हणून पुरचुंडीजवळ तापमापक ठेवला. ४०.१.

असे होऊ शकत नाही. निरोगी माणसाच्या पोटाशी छत्तीसच्या आसपास असते. चाळीस ताप असता तर मी ही रोजनिशी लिहीत नसतो. उपकरण गोधडीने गोंधळले असावे.

२८ जानेवारी

बर्फ कुटून, त्यात पाणी घालून, वीस मिनिटे थांबून तापमापकाचे टोक आत धरले. वितळत्या बर्फाचे तापमान शून्य असते. त्यावर कोणाचे मत चालत नाही.

४.१.

बर्फ बदलला. ४.१.

बॅटरी बदलली. ४.१.

प्रमाणपत्र काढून पाहिले. तपासणीची तारीख सहा वर्षांपूर्वीची. फेरतपासणी नाही. एकदाही नाही.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

जाईने गाळण्या लुटल्या. बायकांना आवडल्या म्हणे. तीन रोपांना दोन-दोन पाने आहेत. ती ग्रिलमध्ये आहेत. मी फोनवर सांगितले, एक तुला ठेवतो. ती म्हणाली, “बाबा, तिन्ही तुमच्याकडेच राहू द्या.” नंतर विचारले, “जेवलात का?” हो म्हणालो.

वैजयंतीच्या आजारातील खोलीच्या तापमानाचा तक्ता काढला. शहाण्णव दिवस, दिवसातून तीन नोंदी. प्रत्येकीतून पेन्सिलीने ४.१ वजा केले. सर्वांत वरची नोंद २६.४, तिच्याखाली २२.३ लिहिले. पहाटेच्या नोंदींपैकी सर्वांत खालची १७.९ येते. तिच्यापुढच्या शेरा या रकान्यात माझ्या अक्षरात आहे: ‘रुग्ण थंडी वाजत असल्याचे सांगते. कारण आढळत नाही.’

५ फेब्रुवारी. सकाळी ६.१०

तापमापकाच्या उत्पादक कंपनीस पत्र. मसुदा:

महोदय, आपल्या उपकरणात ४.१ अंशांची त्रुटी आढळली आहे. भरपाई नको, दुरुस्ती नको, बदली उपकरणही नको. उपकरणाची दर वर्षी तपासणी करून घेणे माझे कर्तव्य होते. त्यात कसूर झाली, हे मी मान्य करतो. मात्र अशी त्रुटी हळूहळू वाढते की एके दिवशी अचानक येते, हे आपल्या तंत्रज्ञांना ठाऊक असणार. तरी ही त्रुटी गेल्या ११ मार्चनंतर उत्पन्न झाली असणे शक्य आहे का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मला हवे आहे. ते दूरध्वनीवर देऊ नये. पंधरा दिवसांच्या आत, सही-शिक्क्यानिशी, लेखी द्यावे.