'नक्कल' हा शेरा

धार, मंगळवार

ती. आईस,
वेदिकाचा देवासकडे तोंड करून नमस्कार.

गुडघा बरा आहे, काळजी करू नकोस. प्रॅक्टिस सुरू केली आहे. राग मात्र अजून उतरलेला नाही.

कॉलेजच्या हिंदी कथास्पर्धेत मी गोष्ट दिली होती. एक मुलगी महिनाभर बास्केट चुकवते, तरी रोज कोर्टावर येते, अशी. म्हणजे माझीच. परीक्षक सरांनी गोष्टीवर लाल पेनने 'नक्कल' लिहिलं! विचारायला गेले तर म्हणाले, "बास्केटबॉलवाली लड़की ऐसा लिखेगी? किससे लिखवाया?"

असा संताप आला, आई! मी म्हटलं, "कागद दीजिए सर, यहीं लिखती हूँ." घामेजल्या जर्सीतच स्टाफरूममध्ये बसले. चुकलेला बॉल आणायला जाताना मनात काय येतं, ते दोन पानं लिहिलं. सरांनी दोनदा वाचलं आणि स्पर्धेच्या यादीत माझं नाव घातलं. माफीचा शब्द नाही! मी उठलेच नाही. "पहले वो शब्द काटिए, सर." शेवटी खोडला, शेजारी सहीसुद्धा केली.

बाबा टेकरीवर फिरायला जातात ना? धाकटा प्रणव मराठी वाचायला कंटाळतो, त्याला हे पत्र मोठ्यानं वाचायला लाव. सरांचं वाक्य गाळू देऊ नकोस.

तुझी,
वेदिका