दादाचे सर

बुधवार, १३ फेब्रुवारी २००८

काल जेवताना दादा पुन्हा त्याच्या सरांचं कौतुक करत होता. सर म्हणजे त्याच्या त्या ऑनलाइन गेममधल्या टोळीचे सरदार. "काय डोकं हाय त्या माणसाचं! ड्रॅगन मारला की लुटीचे समान वाटे. कोणावर अन्याय न्हाय." मी त्याच्या ताटात भाकरी वाढत होते.

ते सर मी आहे. ऑफिस सुटल्यावर तिथल्याच कॉम्प्युटरवर खेळते, पुरुषाचं नाव घेऊन. बाईचं ऐकलं असतं का त्यांनी? एवढं वेड कशाचं, असं कोणी विचारलं तर काय सांगू? तिथे मी 'थांबा' म्हटलं की सगळी टोळी थांबते. इथे मी बोलायला लागले की टीव्हीचा आवाज वाढतो.

भाकरी संपवून दादा म्हणाला, कोन गावातली आपली जमीन गोडाऊनला द्यायचं ठरलंय, गुरुवारी तू हक्क सोडल्याची सही करायची. मी म्हटलं, "आणि माझा वाटा?" तो हसला. "तुला कशाला गं वाटा? तू जाशील लग्न करून."

समान वाटे म्हणणारं तोंड हेच ना?

आज संध्याकाळी गेममध्ये त्याचा मेसेज आला, "सर, कल लेट आऊंगा. बहन की साइन लेनी है."

मी विचारलं, "बहन से पूछा?"

"उससे क्या पूछना, सर!"

आणि सरांनी त्याला सुट्टी दिली.