प्रत्येक कपाला एक चमचा

ता. ११

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

एवढ्या मोठ्या आजारातून उठली आहेस, तेव्हा आधी तब्येतीचं खरं खरं लिही. मागच्या महिन्यात तू एका दिवसात दुप्पट गोळ्या घेतल्यास आणि शेजारणीला तुला जमिनीवरून उचलावं लागलं, हे बाबांच्या डोक्यातून जातच नाही. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी ते येणार, उरलेल्या गोळ्या स्वतः मोजणार आणि कमीजास्त निघाल्या तर तुझ्या घराला कुलूप लावून तुला कायमची इकडे आणणार, असं त्यांनी जाहीर केलंय. आईनं समजावलं, मी समजावलं. ऐकतील तर शपथ. पस्तीस वर्षं पहिलीच्या पोरांना मोजायला शिकवणाऱ्या बाईच्या गोळ्या दुसऱ्यानं मोजायच्या, हे मलाच कसंतरी वाटतं. पण आत्या, जरा लक्ष देऊन घेत जा ना गं.

आता माझं रडगाणं. मी शिकवते त्या पहिलीच्या वर्गात एक मुलगी आहे, सगळे तिला चिमणी म्हणतात. शंभरपर्यंत घडाघडा म्हणते. पण समोर सात बटणं ठेवून किती आहेत विचारलं, की कधी पाच, कधी अकरा. तीन दे म्हटलं तर मूठभर देते. काल मी वैतागून तिला सगळ्यांसमोर चारदा विचारलं. वर्ग हसला. आज ती तोंडच उघडत नाहीये. मी काय करू?

रागवायचं असेल तर याच उत्तरात उरकून घे, पण उत्तर लवकर दे.

तुझी,
ठमी


ता. ३२

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

उरकून घेते. चारदा विचारलंस? पहिल्यांदा जे येत नाही ते चौथ्यांदा विचारल्यावर येतं, हे कुठल्या कॉलेजात शिकवलं तुला?

अगं, आकडे म्हणणं गाण्यासारखं असतं, ते ओठांवर राहतं. मोजणं वेगळं. एकेका वस्तूला एकेक आकडा द्यायचा, एकही सोडायची नाही, कुठलीही दोनदा धरायची नाही, आणि शेवटचा आकडा तो सगळ्यांचा मिळून, हे लक्षात ठेवायचं. त्या पोरीचं काय होतं सांगू? तोंड पुढे पळतं, बोट मागे राहतं. चुकलं हे कळतं, कुठे ते कळत नाही. समोर कुणी उत्तराची वाट बघत उभं असलं, की घशाला कोरड पडते. मग माणूस तोंडाला येईल तो आकडा फेकतं आणि सुटतं. ती सोंग करत नाही गं.

किती हा शब्द महिनाभर वर्गाबाहेर ठेव. तिच्यासमोर कप मांड आणि प्रत्येक कपाला एक चमचा आणून ठेवायला सांग. चमचा उरला तर तिला दिसेल, कप राहिला तरी दिसेल. तू मध्ये लुडबुडू नकोस.

तुझ्या बाबाला मी असं शिकवायला हवं होतं. माझी पहिलीच नोकरी, आणि धाकटा भाऊ माझ्याच वर्गात. म्हणता येतं पण मोजता येत नाही म्हणजे नाटक करतो, असं ठरवून मी त्याला अख्खा तास भिंतीशी उभा केला होता. विसरलाही असेल तो.

माझी तब्येत उत्तम. गोळ्यांचं मी बघते, म्हणावं त्याला.

तुझ्यावर जीव असलेली खाष्ट,
आत्या


ता. २७

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पाच कप मांडले होते. चिमणी एकेक चमचा आणून ठेवत राहिली. सहावा हातात उरला तेव्हा तिनं सगळ्या कपांवरून नजर फिरवली, आणि माझ्याकडे न बघता तो परत डब्यात नेऊन टाकला. मला वर्गात रडू आलं. आज ती बाकावरच्या मुलीशी भांडलीसुद्धा, म्हणजे बरी आहे.

आता दुसरं. तुझ्या पत्रावर बत्तीस तारीख आहे. तेवीस म्हणताना तीन आधी ऐकू येतो म्हणून पोरं तीन आधी लिहितात, हे मला तूच सांगितलं होतंस. पोरं, आत्या. आणि घशाला कोरड पडते हे तुला कुणी सांगितलं? चिमणीनं तर नाही.

बाबांना मी काही बोललेले नाही. सोबत दोन कापडी पट्ट्या आणि गोळ्यांचं नवं पाकीट पाठवते. हिरवी पट्टी सकाळची, निळी संध्याकाळची. बटणांचे रंग चिमणीनं जुळवले, शिवली मी. प्रत्येक बटणावर त्याच रंगाची एक गोळी ठेवायची. एकही बटण उघडं राहिलं नाही की गोळ्या घ्यायच्या आणि पट्टी पालथी टाकायची. रोज सकाळी येऊन पट्ट्या सुलट करायला शेजारणीला सांग. आकडा कुठेच लागत नाही. युक्ती तुझीच आहे.

खरं काय ते लिहिशील? नाही लिहिलंस तरी पट्ट्या वापर, एवढं माझ्यासाठी कर.

तुझीच,
ठमी


रविवार

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तारीख घालत नाही. तुझा बाबा माझे कपडे भरायला आणलेली पिशवी रिकामीच घेऊन गेला, हे आधी सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

तू ओळखलंस ते खरं. आजारातून उठले आणि आकडे गेले. माणसं ओळखू येतात, वाचता येतं, शंभरपर्यंत म्हणताही येतं. रोज सकाळी अंथरुणात म्हणून बघते. पण तळहातावरच्या गोळ्या किती ते कळत नाही. लाज वाटली गं. जन्मभर जे शिकवलं तेच गेलं, हे कुणाला तोंडानं सांगू? तुझ्या पट्ट्या आल्या तेव्हा भयंकर राग आला. एक दिवस कपाटात टाकून ठेवल्या. मग काढल्या.

आज तो आला. नवं पाकीट दोनदा मोजलं, गोळ्या बरोबर निघाल्या. जुनं, हिशेब चुकलेलं पाकीटही मी लपवलं नाही. मग त्यानं सहज विचारलं, सकाळी किती घेतेस. पट्टी पालथी पडली होती. तोंडाला येईल तो आकडा फेकता आला असता. नाही फेकला. ठाऊक नाही म्हटलं, मला आता मोजता येत नाही म्हटलं. बोलता बोलता मी मागे सरत होते हे मला कळलंच नाही. पाठ भिंतीला लागली तेव्हा कळलं.

भिंतीशी उभ्या माझ्याकडे त्यानं पाहिलं. विसरला नव्हता तो, ठमे. त्याचे डोळे पाहिले आणि मला कळलं. मग उठला, खुर्ची उचलून भिंतीशी आणली, आणि ताई, आधी बस, म्हणाला.

चिमणीला माझा आशीर्वाद सांग. आणि तिला पुढचा धडा देशील तेव्हा तोच मलाही पाठव, सावकाश.

तुझी नवी विद्यार्थिनी,
आत्या