शिंपीणबाईंची शिकवणी

१२ मार्च, गुरुवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? जिने चढू नकोस असं तुला सांगून उपयोग नाही, तरी सांगते. आम्ही ठीक. लेकीचे पुढचे दात पडलेत. बोलताना फुसफुस होते आणि मी हसले की फुगून बसते.

शाळेत पोरं फार झालीत. निम्मी आपल्याकडची, निम्मी नदीपलीकडची, सगळीच पळून इथे आलेली. लढाई तिकडे थांबली, इथल्या मधल्या सुट्टीत चालूच आहे. पालकांच्या बैठकीत पलीकडची एक शिंपीणबाई उभी राहिली.

"ह्या बाई त्यांच्यातल्या. माझ्या मुलीला ह्या शिकवणार?"

मुख्याध्यापकांनी सारवासारव केली. खरं सांगू, मलाही तिची मुलगी वर्गात नकोच होती.

पुढच्याच आठवड्यात तीच बाई माझ्या दारात. हातात औषधाची बाटली. मुलगी तापाने फणफणलेली, आणि बाटलीवरची इथली भाषा हिला वाचता येईना. मी वाचून दाखवलं. जाता जाता म्हणाली, "मलाही शिकवा."

तेव्हापासून संध्याकाळी येऊ लागली. अक्षर गिरवताना जीभ बाहेर काढते, पहिलीतल्या पोरीसारखी. एकदा मान वर न करता तिने विचारलं, "तुमचं कोण गेलं?"

"माझे भाऊजी. बहिणीचा नवरा."

"माझे दोघे भाऊ." मग म्हणाली, "पुढचं अक्षर सांगा."

ताई, पुढचं लिहायला हात धजत नव्हता. भाऊजींना ज्या गावात नेलं, ती त्याच गावची. तिनेच सांगितलं. मी तिला उठून जा म्हणाले. ती गेली, आणि तिची मुलगीही शाळेत यायची थांबली.

शेवटी मीच तिच्या दुकानात गेले. मुलगी मशीनखाली बसून चिंध्या वेचत होती. मला पाहून घाबरली गं. मला घाबरली! मी म्हटलं, "उद्यापासून दोघी या." बाईने नुसती मान हलवली. आता दोघी येतात.

तू दर वेळी विचारतेस, परत कधी येतेस. आपल्या शाळेचं बोलावणंही आलंय. मी नाही म्हणून कळवलं. ही पोरं मोठी होऊन ह्याच गल्ल्यांत संसार थाटणार आहेत. त्यांना आत्ताच सोडून यायला माझं मन घेत नाही. माझी खोली सुनेला दे, बाळंतपणाला लागेलच.

तुला राग येईल. येऊ दे. शिव्या घालायला का होईना, पण लिही.

भाऊजींना न विसरलेली,
तुझी धाकटी