तळ्याकाठी कोणी मरत नाही

कालोकोल, तुर्काना तळ्याचा काठ
९ ऑगस्ट १९८१

प्रिय आरुपे,

तुला, जावईबापूंना आणि तुमच्या त्या हिरव्यागार मक्याला दादाचा आशीर्वाद. इकडे वारा नेहमीचाच, कागदावर दगड ठेवून लिहितोय. मासळीचा ट्रक दुपारी निघेल, त्याचा ड्रायव्हर किताल्यात पत्र तुझ्या हाती देईल. चहा-साखर पोचली. आईसाठी पाठवलेली तंबाखूही पोचली.

जाळी बरी चालली आहेत. कालच दोन हात लांबीचा मासा सापडला, माझी बायको त्याला बघून घाबरलीच. तीन वर्षांपूर्वी मासा कुठून धरायचा हे माहीत नसलेला तुझा दादा आता डोळे मिटून खवले काढतो!

तू लिहितेस, "माणसाने जगावं तर डोंगरावर, इथे काठी रोवली तरी पालवते." असेल बाई. तू आईला बोलावलंस तेव्हा मी कळवलं, तिला तिथली थंडी सोसायची नाही. थंडीचं निमित्त होतं. मुलगा असून आईला लेकीच्या दारी धाडलं, असं लोक म्हणतील याची मला लाज वाटत होती.

बाबांचं बोलणं आठवतं? "मैदानात ऊन मारतं, नदीकाठी ताप मारतो, डोंगरावर थंडी मारते. तळ्याकाठी कोणी मरत नाही, फक्त तिथे गेलेला माणूस आपला राहत नाही." आणि थुंकायचे. दुष्काळात शेवटची गाय गेली, तेव्हा मी थुंकी गिळून आईला इथेच आणलं. जगायला याहून सोपी जागा नव्हती. पाणी समोर, त्यात अन्न.

आपल्या गुराख्यांच्या रीतीप्रमाणे आईने माशाला हात लावला नाही. मदतकेंद्रातल्या मक्याची वाटीभर पेज, एवढंच. मी जवळ गेलो की म्हणायची, "एबेन्यो, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बस. मासेखाऊंचा वास येतोय तुला." आम्ही हसायचो. पण तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तसं माझं हसणं थांबलं.

मे महिन्यात मी सुका मासा कुटून, चाळून तिच्या पेजेत घालायला लागलो. बायको म्हणाली, "अहो, हे पाप आहे." मी म्हटलं, "उपाशी मरणं पुण्य आहे का?" आठ दिवस आई आवडीने जेवली. तोंडावर तेज आलं. म्हणाली, "यंदाचा मका चांगला आहे." मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

नवव्या दिवशी तिच्या दातात काटा आला. केसाएवढा. तिने तो बोटावर घेतला, उन्हात धरला.

"हे काय?"

"पिठातलं कुसळ असेल."

"जन्मभर मी जनावरं राखली. कुसळ मला दाखवतोस?"

ओरडली नाही ती. वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "विचारलं असतंस तर नाही म्हणाले असते, आणि तुझी आई म्हणून मेले असते."

त्यानंतर तिने माझ्या घरचं काही घेतलं नाही. मासा सोड, कोरी पेजसुद्धा नाही. तिच्यासमोर पीठ शिजवलं, आधी मी खाऊन दाखवलं, पाया पडलो. मान फिरवायची. शेजारणीकडचं आणलं तर विचारायची, "एबेन्योच्या हातातून आलंय ना?" अकरा दिवस. जूनच्या सातव्या तारखेला गेली. झोपडीतच पुरली. समोर तळं भरलेलं होतं.

मागच्या दोन्ही पत्रांत "आई बरी आहे" लिहिलं, ते खोटं होतं. तुझी तंबाखू मी तिच्या मातीवर ठेवतो, वारा ती घेऊन जातो.

मी मासा घातला नसता तर ती त्या वाटीभर पेजेवर किती टिकली असती, हे मला ठाऊक नाही. तुझ्याकडे धाडली असती तर टिकली असती, हे ठाऊक आहे. याला काही उपाय नाही, आरुपे. मी शोधून बघितला.

कापणी झाल्यावर तू आईसाठी दुभती शेळी घेऊन येणार होतीस. शेळी आणू नकोस, इथे चारा नाही. तू एकटी ये. पण निघण्याआधी एवढं कळव, आलीस तर माझ्या हातचं खाशील का?

तुझा, अजून दादा म्हणवून घेणारा,
एबेन्यो